सुताच्या गोदामाला लावलेला वळंबा

भिंतीकडं नुसतं बघून तिचं वय आन् तिचा आजार सांगणारा गवंडी आख्ख्या जेऊर भागात एकच हाय, तो म्हंजी मी. आता माझ्याच न्हाणीची भिंत दोनदा पडली, आन् दुसऱ्या बारीला मी आत अंगाला साबण लावून बसलो व्हतो, ती गोष्ट येगळी.

साळंत मी दोनच दिस गेलो. एक दिस नाव घालाया, आन् एक दिस मोठेपणी तितली पायरी बांधाया. त्यामुळं हे समदं मी नुसतं बोलतोय आन् मोबाईल लिहून घेतोय. काय चुकलं तर त्याला धरा. सोलापुरास्नं आल्यापास्नं नाक्यावरची मंडळी रोज इचारत्यात, "नाना, गोदामात माणसं ऱ्हात्यात म्हणं? कशी रं ऱ्हात्यात, थप्पी लावून?" एकेकाला सांगून घसा बसला. म्हून एकदाच सांगतो, सगळ्यांनी ऐका.

सोमवार

पोरीचा, शोभाचा, फोन आलेला. "आप्पा, घर बदलायचंय. एक जागा बघितलीया, जुन्या गिरणीमागचं सुताचं गोदाम. आता त्याची घरं काढल्यात, भाड्यानं देत्यात. तुमी येऊन बघा. हे म्हणत्यात, मामांनी बघितल्याबिगर मी व्हय म्हणणार न्हाय."

हे म्हंजी आमचं जावई, विलासराव. औषधाच्या दुकानात कामाला. लई सरळ माणूस. सासऱ्याचं ऐकणारा जावई जगात एकच, आन् तोबी माझ्याच वाट्याला आला, हे माझं नशीब आन् त्याचं कमनशीब.

मी थैलीत थापी टाकली, वळंबा टाकला. वळंबा म्हंजी दोरीला टांगलेला पितळी भवरा आन् वर लाकडाचा ठोकळा. त्येनं भिंत सरळ हाय का वाकडी ते कळतं. शोभाची आई म्हणली, "घर बघाया चाललाय का बांधाया?" मी म्हणलं, "डाक्टर नळी घेतल्याबिगर जातोय व्हय गं?"

सांच्याला पोरीच्या घरी पोचलो. माडीवर दोन खोल्या. पोरगी साळंच्या पोरांचे गणवेश शिवती. तीन मशिनी, दोन बाया हाताखाली. पण मी गेलो तवा मशिनीच्या पायाखाली वाकळा घातलेल्या, वाकळांच्या खाली पोतं, आन् शोभा शिवत व्हती अशी, जशी पाळण्यात कोण झोपलंय. जरा मशीन पळली की खालनं मालकीण काठीनं छत ठोकायची. ठक ठक ठक. की शोभा थांबायची. मंग परत हळू.

"रोजचं हाय हे?" मी इचारलं.

"दोन तास सकाळी, दोन तास दुपारी. तेवढंच शिवायचं म्हणली व्हती. आता म्हणती, तेबी नको. महिनाअखेर खोली सोडा." महिना गुरुवारी संपत व्हता. "साळा सुरू व्हायला आल्यात आप्पा. माल न्हाय दिला तर पुढच्या सालाला कोण दारात उभं करणार न्हाय. धा ठिकाणी बघितलं. मशिनी म्हणलं की न्हाय म्हणत्यात. ह्या गोदामवाल्यांनी तेवढं व्हय म्हणलंय."

रात्री ज्वारीची भाकरी, शेंगांची आमटी, शेंगांची चटणी, वरनं दही. आमच्याकडं पाव्हणा आला की कोंबडी पळती, सोलापुरात पाव्हणा आला की शेंगा पळत्यात. चार भाकरी खाल्ल्या. जावई दोनच खातो. शहरात माणूस भाकरी मोजून खातो आन् पाणी उकळून पितो, तरीबी औषधाच्या दुकानात गर्दी का, हे मला अजून कळलं न्हाय.

मंगळवार

गोदाम बघितलं आन् मी गप झालो. मी गप झालो म्हंजी काय ते नाक्यावरच्यांना कळंल.

काळ्या दगडाची भिंत, आन् लांबी अशी की ह्या टोकाला बिडी पेटवली तर त्या टोकाला जाईस्तवर इझंल. दगडाच्या मधी चुना. सिमिट न्हाय, चुना. तो कसा करायचे, तर बैल जुंपून दगडी चाकाखाली रगडायचे, गुळाचं पाणी घालायचे, असं माझा बाप सांगायचा. तो दगडाचा गवंडी व्हता. मी वीट-सिमिटाचा. भिंतीत वर बारकं बारकं झरोकं. सुताला वारा पायजे पण ऊन नको, म्हून. कडेनं कंबरंएवढा ओटा, गाडीतनं गठ्ठा सरळ आत सरकावा असा. दारावर लोखंडाची कप्पी अजून टांगलेली. आता तिला कुणीतरी फुलाची कुंडी लटकवलीया.

पुढनं आत जायला काचेचं दार केलंय. मला वाटलं उघडंच हाय. कपाळाला टेंगूळ आलं. आपिसातल्या मॅडम पळत आल्या, "काका, लागलं का?" मी म्हणलं, "न्हाय, काच पक्की हाय का ते बघितलं."

आत असा गारवा सुटलेला की देवळात आल्यावानी वाटलं. मी पायातल्या वहाणा काढून दाराशी ठेवल्या. मॅडम म्हणल्या, काका, घाला, इथं चालतं. मी म्हणलं असू द्या. माघारी आलो तवर झाडणाऱ्यानं त्या बेवारस समजून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या व्हत्या. बाकीचा मंगळवार मी जावयाच्या वहाणात काढला. ते अनवाणी. "पायाला माती लागल्यालं चांगलं असतं मामा," म्हणले. सांगितलं न्हवं, सरळ माणूस.

गोदाम मधीच उभं कापलं असतं तर आतनं कसं दिसलं असतं, तर असं. मधी बोळ, जितनं पूर्वी हातगाडी पळायची. तिचं लोखंडी रूळ तसंच फरशीत ठेवल्यात, त्यावरनं आता बारकी पोरं सायकली चालवत्यात. दोन्ही अंगाला घरं. वर लोखंडी गर्डर, आन् गर्डरा-गर्डराच्या मधी विटांच्या बारक्या कमानी, जश्या पालथ्या घातलेल्या पराती. छत लई उंच, म्हून मधी अजून एक मजला घातलाय. पण ऊन येत न्हाय त्या उत्तरंच्या अंगाला जुन्या खिडक्या हायत, दोन पुरुष उंच. मधल्या मजल्यानं त्या कंबरंत कापल्यात. खिडकीचं डोस्कं वरच्या बिऱ्हाडाला आन् पाय खालच्याला. वरचा म्हणतो माझी खिडकी अर्ध्या चांदावानी हाय, खालचा म्हणतो माझी दारावानी हाय. दोघं खूश. हे ज्यानं केलं त्यानं डोस्कं लावलंय, हे मी कबूल करतो. मी असतो तर खिडकी बुजवून दोन नव्या पाडल्या असत्या.

शोभानं बघितलेली खोली खालच्या अंगाला, कोपऱ्यात. तिला ओट्यावर उघडणारं सोताचं जुनं दार. एक मोठी खोली, एक आतली, मोरी. शोभा मधी उभी ऱ्हायली आन् हातानं दाखवाया लागली. "हितं मशिनी. हितं कापायचं टेबल. तितं शिवल्याला माल. आन् आप्पा, ऐका." तिनं मोठ्यानं टाळी वाजवली. "ह्याच्या पलीकडं कायबी ऐकू जात न्हाय. बघितलं मी." तिचं तोंड असं झालं व्हतं, जसं जत्रंत लहानपणी पाळण्यात बसताना व्हायचं.

आता हितं शान्या माणसानं व्हय म्हणून च्या प्यायचा असतो. पण माझ्या थैलीत वळंबा व्हता. आन् समोर मॅडम, जावई, आन् बोळातनं वाकून बघणारी चार-दोन बिऱ्हाडं. गवंड्याला बघाय माणसं जमली की त्येचा हात गप बसत न्हाय.

मी भाईर ओट्यावर स्टूल घेतलं, वर चढलो, भिंतीला ठोकळा लावून वळंबा सोडला. सरळ भिंतीला भवरा नुसता शिवून झुलतो. हितं तर तो जाऊन भिंतीवर बसला, घोरपडीवानी. ठोकळा भिंतीपासनं तीन बोटं लांब धरला, तवा कुटं भवरा सुटा झाला. मंग आत जाऊन शोभाच्या पिशवीतलं दोऱ्याचं रीळ फरशीवर ठेवलं. रीळ चाललं की गडगडत दाराकडं. ओट्यावर गेलं आन् खाली पडलं.

मी दारात उभा ऱ्हायलो आन् भाषण ठोकलं. "भिंत वाकलीया. तीन बोटं. घराच्या अंगाला. फरशीबी खचलीया. हे बघा, मी उगं बोलत न्हाय. चाळीस वर्सं थापी धरलीया. आज न्हाय उद्या ही आत येणार."

मॅडम म्हणल्या, "काका, ती भिंत तशीच बांधलेली आहे. जुन्या बांधकामात..."

"मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. पण भिंत कागदावर येगळी आन् दगडात येगळी."

"काका, एक मिनिट ऐका तरी."

"चाळीस वर्सं," मी म्हणलं. आन् हात वर केला, जसा ट्रॅफिक पोलीस करतो.

बोळातल्या बाया एकमेकींकडं बघाया लागल्या. एकजण म्हणली, "अगं बाई, आमची भिंत पण बघता का?" मी तिचीबी बघितली. तीबी तीन बोटं. तिसरीचीबी. लोक इचारत गेले, मी सांगत गेलो. कुणी च्या दिला, कुणी केळी. माझ्या आयुष्यात माझं येवढं कुणी ऐकलं न्हवतं. ओट्यासमोरच्या दारात एक म्हातारी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली व्हती, नरसव्वा तिचं नाव. तिनं तेवढं काय इचारलं न्हाय. बिडी वळता वळता माझ्याकडं बघत व्हती, बाजारात म्हशीचं दात बघावं तशी.

जावई शोभाला हळू म्हणले, "मामा म्हणत्यात तर नको. माल ऱ्हाईला तर ऱ्हाऊ दे, जीव महत्त्वाचा." मॅडम म्हणल्या, "बघा तुम्ही. दुसरे एक जण उद्या सकाळी बघायला येणार आहेत. मग मला त्यांना द्यावी लागेल."

शोभा ओट्याच्या कडंला गेली. खाली उतरली, रीळ उचललं, त्येचा धूळ लागल्याला दोरा पदरानं पुसत पुसत गुंडाळला. घरी जाईस्तवर गुंडाळतच व्हती. त्या रात्री आमटी तीच व्हती. पण मला दोनच भाकरी गेल्या.

बुधवार

सकाळी थैली उचकली तर वळंबा न्हाय. गोदामाच्या दारालाच टांगून आलो व्हतो. न्हाव्यानं वस्तरा इसरावा आन् वर लोकांना सांगत फिरावं की लई तरबेज हाय, तशी गत. कुणाला न सांगता एकटाच गेलो.

दाराला वळंबा न्हवता. तो नरसव्वाच्या सुपात व्हता, बिडीच्या पानांवर.

"एम् मेस्त्री," ती म्हणली, म्हंजी काय मिस्त्री. त्यांच्यात घरी तेलुगू बोलत्यात, पण मराठी माझ्यापेक्षा बरी. "तुझं हत्यार इसरलं. बाकी भाषण सगळं ध्यानात व्हतं."

"द्या की अव्वा."

"देते. पयलं इटु रा. इकडं ये म्हणते." तिनं सूप खाली ठेवलं, उठली. गुडघ्यावर हात देऊन ओट्यावर चढली, आन् मला त्याच दारात उभं केलं जितं मी काल भाषण ठोकलं व्हतं. "भिंत किती जाड हाय खाली? हातानं मोज."

मी उंबऱ्याजवळ मोजलं. कोपरापास्नं बोटापातूर दोन हात, वर तीन बोटं.

"आता वर मोज."

स्टुलावर चढून चौकटीच्या वरच्या टोकाला मोजलं. दोन हात पुरे. तीन बोटं कुटं गेली?

"आता आतनं तुझं हे लोंबतं लाव."

आतल्या अंगानं वळंबा सोडला. भवरा भिंतीला नुसता शिवला आन् झुलाया लागला. एक केसभर फरक न्हाय. आतनं भिंत सरळ. भाईरनं खाली जाड, वर बारीक. वाकली-बिकली काय न्हाय. ती तशीच बांधलीया, मुद्दाम, पाय पसरून. आन् मी चाळीस वर्साचा गवंडी एकाच अंगानं वळंबा लावून मोकळा झालो. अवो, दारातच भिंतीची जाडी उघडी पडलीया, आन् मी त्याच जाडीवर कोपर टेकून बोलत व्हतो!

नरसव्वा म्हणली, "मी हितं एकवीस वर्सं सूत निवडलं. ह्या भिंतीला टेकून गठ्ठ्याची थप्पी लागायची, पार कमानीपातूर. एवढं वझं भिंतीला भाईर ढकलणार का न्हाय? म्हून तिचा पाय जाड. आन् फरशी उतरती हाय, कारण सूत भिजलं तर कुजतं. पाणी आलं तरी दाराकडं पळायला पायजे. भरलेली हातगाडी पण आपणहून दाराकडं यायची. बाया ढकलायच्या ना, गडी न्हाईत. आमची कंबर वाचली त्या उतारानं." तिनं भिंतीवर थाप मारली. "तुला काल सांगायचं व्हतं, पण तू हात वर केलेला."

मी ओट्यावर खालीच बसलो. मला आमच्या गोठ्याची भिंत आठवली. माझ्या बापानं दगडात बांधलेली. तो गेल्यावर तिला लागून मी न्हाणी काढली, तवा वळंबा लावला तर भिंत वळंब्यात न्हाय. म्हणलं, म्हाताऱ्याचा हात कापत असंल. छिन्नी घेतली आन् तिचा खालचा फुगवटा ताशीत ताशीत सरळ केला. येका पावसाळ्यात भिंत आडवी. परत उभी केली, सरळसोट, वळंब्यात अशी की बघत ऱ्हावं. मागं ढोरं टेकली आन् ती माझ्या साबणासकट आडवी. इतकी वर्सं मी लोकांना सांगत आलो, बापानं कच्ची बांधली व्हती. बापानं तिला पाय दिला व्हता. मी कापला.

"रडतो का काय मेस्त्री?"

"न्हाय अव्वा. चुना गेला डोळ्यात."

"चुना वाळून शंभर वर्सं झाली असतील," म्हणली, आन् सूप मांडीवर घेतलं.

मी पळत आपिसात. पळताना काचेचं दार ध्यानात व्हतं, म्हून थांबलो, हातानं चाचपलं, तर या बारीला ते खरंच उघडं व्हतं आन् मी हवेतच हात फिरवत उभा. मॅडम खुर्चीवर बसून बघत व्हत्या.

"मॅडम, ते सकाळचं गिऱ्हाईक आलं व्हतं का?"

"आले होते."

"घेतली त्यांनी?"

"बोळात बायकांनी सांगितलं, एका मोठ्या मिस्त्रींनी बघून सांगितलंय, इमारत पडणार आहे. ते दारातनंच परत गेले." मॅडमनी टेबलावरचे नकाशे उचलून दाखवले. "अजून दोन बिऱ्हाडं खोली सोडायची म्हणतायत. काका, मी त्यांना नकाशे दाखवले. ते म्हणतात, ते चाळीस वर्षं काम करतायत."

मंग जे केलं ते सांगतो. ज्या ज्या दारात च्या प्यालो व्हतो, त्या त्या दारात गेलो. घंटी दाबली. आमच्या गावात रस्त्यावरनं हाळी घालायची रीत, हितं घंटी, आन् घंटीत चिमणी वरडती. प्रत्येक दारात चिमणी वरडली की मी म्हणायचो, "काल मी चुकलो. भिंत पक्की हाय. मी येडा हाय." आन् आतनं वळंबा लावून दाखवायचो. एका घरात माणूस म्हणला, "काल पक्कं सांगितलं व्हतं, आज पक्कं सांगताय. कुठलं धरू?" मी म्हणलं, "वळंब्याचं धरा, माझं नका धरू." केळीवाल्या बाईनं केळी माघारी मागितली न्हाईत, पण तिच्या मनात आलं व्हतं हे दिसलं.

शेवटी घरी गेलो. शोभा मशिनीचं तेल पुसत व्हती, सामान बांधाया. कुटं न्यायचं ते ठरल्यालं न्हवतं, तरी बांधत व्हती. जावईबी दुकानास्नं जेवायला आल्यालं.

"विलासराव," मी म्हणलं, "मी एकाच अंगानं बघितलं. भिंत तुमच्या सासऱ्यापेक्षा सरळ हाय. खोली घ्या."

जावई म्हणले, "मामा, नक्की?"

"नरसव्वा नक्की म्हणती. मी म्हणत न्हाय."

शोभानं फडकं खाली ठेवलं. हसली न्हाय, रागावलीबी न्हाय. पायात चपला घातल्या आन् तडक आपिसात गेली. मी काय म्हणतोय ते ऐकायला थांबलीच न्हाय, आन् त्यात तिचं काय चुकलं?

गुरुवार

हातगाडीवनं सामान नेलं. एक गंमत सांगतो. बोळाच्या तोंडाशी गाडी रुळावर चढली आन् उतारानं आपणहून शोभाच्या दारापातूर चालत गेली. नरसव्वा दारात बसून म्हणली, "बघ."

दुपारी तीन मशिनी लागल्या. वाकळा न्हाय, पोतं न्हाय. शोभा आन् दोन्ही बाया बसल्या आन् अशा पळवल्या मशिनी, जसा वळवाचा पाऊस पत्र्यावर. मी बोळात गेलो, भिंतीला कान लावला. कायबी न्हाय. दगड गप. पलीकडच्या घरात पोर झोपल्यालं, त्येची आई म्हणली, "चालू केल्या का मशिनी? कळलंच न्हाय." मी तितंच उभा ऱ्हायलो जरा येळ. मालकिणीच्या काठीचा आवाज कानात व्हता, तो जाईना लवकर.

आत आलो ते छाती काढून. नरसव्वा पान खात आत बसली व्हती, जावयानं पेढं आणलं व्हतं. मी म्हणलं, "एक गोष्ट कुणी ध्यानात घेईना. मंगळवारी मी जर ही भिंत चांगली म्हणलो असतो, तर तुमी लगीच व्हय म्हणून मोकळं झाला असता, ते खरं. पण बुधवारी ते दुसरं गिऱ्हाईक पळवलं कुणी? माझ्या नावावर पळालं ते! एकदा माणसानं नाव कमावलं की..."

तेवढ्यात कडंची मशीन थरथरत थरथरत दाराकडं सरकाया लागली. उतार की. शोभानं एका हातानं ती धरली, दुसऱ्या हातानं तोंडातली टाचणी काढली.

"आप्पा, ते नाव ऱ्हाऊ द्या. ह्या पायाखाली लाकडाची पाचर मारा. आन् मारली की नरसव्वाला दाखवा, नीट बसलीया का न्हाय ते."